मुलगा मिशनवर असताना

अमेरिकेतल्या युटा राज्यात, मॉर्मन कुटुंबात मुलगा अठरा वर्षांचा झाला की घरात एकच विषय निघतो: याला मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, कुठे पाठवतील? जागा त्याने निवडायची नसते. अर्ज, वैद्यकीय तपासणी आणि मुलाखती आटोपल्या की सॉल्ट लेक सिटीतल्या चर्चच्या मुख्यालयातून नेमणूक येते. पूर्वी ती मोठ्या पांढऱ्या पाकिटातून टपालाने यायची, २०१८ पासून ऑनलाइन येऊ लागली. ती उघडताना आजी-आजोबांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे जमतात. पेरू निघेल, घाना निघेल, नाहीतर शेजारचं आयडाहो राज्य. जे निघेल त्या मुलखाचं हवामान, तिथली भाषा, तिथल्या बातम्या त्या दिवसापासून घरच्या होऊन जातात.

मॉर्मन पंथाचं अधिकृत नाव ‘द चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. १८३० मध्ये जोसेफ स्मिथ यांनी न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली. आज या चर्चचे सत्तर हजारांहून अधिक मिशनरी जगभर आहेत आणि त्यांतले बहुतेक जण विशीच्या आसपासचे आहेत. मुलगे चोवीस महिने जातात, मुली अठरा. २०१२ मध्ये वयाची अट मुलग्यांसाठी एकोणीसवरून अठरावर आणि मुलींसाठी एकवीसवरून एकोणीसवर आली, तेव्हा मिशनवर जाणाऱ्या मुलींची संख्या एकदम वाढली.

आधी भाषा आणि धर्मशिक्षणाचे काही आठवडे. प्रोवो शहरातलं प्रशिक्षण केंद्र त्यासाठी प्रसिद्ध आहे. मग पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी नावाची पट्टी. तिच्यावर मुलाचं पाळण्यातलं नाव नसतं, ‘एल्डर’ आणि आडनाव असतं. दिवस पहाटे सुरू होतो. सोबत सदैव एक जोडीदार असतो आणि तोही चर्चनेच नेमलेला. सिनेमा नाही, प्रेमप्रकरण नाही. आठवड्यातून एक दिवस कपडे धुवायला, बाजारहाट करायला आणि घरी बोलायला.

या बोलण्यालाही इतिहास आहे; सुरुवातीला तर ते शक्यच नव्हतं. सप्टेंबर १८३९ मध्ये चर्चचे सुरुवातीचे दोन नेते, ब्रिगहॅम यंग आणि हेबर किंबॉल, मिशनसाठी इंग्लंडला निघाले, तेव्हा दोघेही हिवतापाने फणफणले होते. यंग यांच्या घरी दहा दिवसांची मुलगी होती आणि किंबॉल यांची पत्नीही आजारी होती. निघालेल्या गाडीत कसेबसे उभे राहून दोघांनी जयघोष केला, तो घरच्यांना धीर देण्यासाठी. आपल्याकडेही १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचे मिशनरी मुंबईत उतरले. त्यांनी मुंबई-पुण्यात प्रचार केला. त्या काळी पत्र बोटीने जायचं आणि उत्तर हाती पडायला कित्येक महिने लागायचे.

पुढे विमानं आली, फोन आले, तरी शिस्त कडकच राहिली. आठवड्याला एक पत्र किंवा ईमेल, आणि फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मदर्स डेला. आवाज ऐकायला आया महिनोन्‌महिने वाट पाहत. फेब्रुवारी २०१९ मध्ये चर्चने दर आठवड्याला फोन किंवा व्हिडिओ कॉल करायची मुभा दिली. लक्ष घराकडे ओढलं जाईल, मुलं कच्ची राहतील, असं काहींना वाटलं. मला हा निर्णय फार योग्य वाटतो. ईमेलमध्ये ‘सगळं छान चाललंय’ असं लिहिता येतं. पण पडद्यावर आई चेहरा पाहते, आणि पोरगं नीट जेवत नाही हे तिला विचारावं लागत नाही.

घरचा वाटा मायेपुरता नसतो. मिशनरीला पगार नसतो. २०२० च्या मध्यापासून अमेरिकेतल्या कुटुंबाने महिन्याला ५०० डॉलर भरायचे असं ठरलं, आधी ही रक्कम ४०० होती. पैसे सामाईक निधीत जातात, त्यामुळे मुलगा टोकियोत असो की बोलिव्हियात, भार सारखाच. अनेक मुलं लहानपणापासून त्यासाठी पैसे साठवतात. शिवाय या दोन वर्षांत बहिणीचं लग्न होतं, कधी आजोबा जातात, आणि मुलगा बहुधा तिकडेच असतो.

सगळ्यात अवघड दुखणं मात्र मुलगा मुदतीआधी परतला तर. आजारपणामुळे, मनाच्या उदासीमुळे किंवा श्रद्धाच डळमळल्यामुळे काही जण लवकर येतात. ठरल्या वेळी येणाऱ्यांसाठी सॉल्ट लेकच्या विमानतळावर फलक आणि फुगे असतात. लवकर येणाऱ्याला आधी लोकांच्या नजरा झेलाव्या लागतात. घरच्यांना काय बोलावं ते सुचत नाही, आणि तो गप्पपणा मुलाला दोषारोपासारखा बोचतो.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे हजारो मिशनरी अर्ध्यावरून घरी बोलावले गेले. मुलांना घ्यायला विमानतळाच्या वाहनतळावर एवढी गर्दी उसळली, की अंतर पाळण्याचे नियम मोडले म्हणून अधिकाऱ्यांनी नाराजी व्यक्त केली. त्या मुलांचीही दोन वर्षं पुरी झाली नव्हती, पण कोणी त्यांना अपयशी म्हटलं नाही. साथीमुळे परतलेल्याला जे मिळालं, ते मनाने खचून परतलेल्यालाही मिळायला हवं. मुलाला परक्या मुलखात पाठवायला या आईबापांना मोठी श्रद्धा लागते. ठरल्या तारखेआधी आलेल्या त्याच मुलाला काहीही न विचारता जवळ घ्यायलाही तितकीच लागते, आणि कुटुंबाची खरी कसोटी तिथेच आहे असं मी मानतो.