आजारपणानंतर वजन कमी करताना : पुन्हा नव्याने आरंभ

उपवासकाळ सुरू होण्याच्या सुमारास आमच्या परिचयातील एका भगिनीने आम्हाला एक प्रश्न विचारला. त्यांचे वय ५४ वर्षे. मधुमेहाचे निदान झाल्यावर त्यांनी मनावर घेतले, पहाटेच्या मिस्सानंतर रोज पाऊण तास चालण्याचा नेम धरला आणि वर्षभरात ९ किलो वजन कमी केले. पुढे पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात पाय घसरला व घोट्याचे हाड मोडले. सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर निघते न निघते तोच चिकुनगुनियाने गाठले आणि सांधे धरले. सात-आठ महिन्यांत उतरलेले वजन जवळजवळ सगळे परत आले. चालायला जाणाऱ्या मैत्रिणी भेटू नयेत म्हणून त्या पहिल्या मिस्साऐवजी दुसऱ्या मिस्साला जाऊ लागल्या.

त्यांचा प्रश्न असा होता : “या उपवासकाळात चाळीस दिवस एकच वेळ जेवले, तर प्रायश्चित्तही घडेल आणि वजनही उतरेल, नाही का?”

हा प्रश्न केवळ त्यांचा नाही. हृदयविकार, शस्त्रक्रिया, अपघात, दीर्घकाळचा ताप किंवा प्रदीर्घ औषधोपचार यांमुळे ज्यांचा नेम मोडला, अशी अनेक माणसे आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत. त्यांच्या मनात दोन भावना एकत्र नांदत असतात. एक, ‘आपण हरलो’ ही लाज. आणि दुसरी, गेलेला काळ एका झटक्यात भरून काढण्याची घाई. या दोन्ही भावना शरीराला अपाय करतात. म्हणून या विषयाचा थोडा सविस्तर विचार करणे आम्हाला अगत्याचे वाटते.

वजन परत का येते?

वजन वाढले की आपण लगेच त्याचा संबंध आळसाशी किंवा खादाडपणाशी जोडतो. अधाशीपणा हा सात प्रमुख पापांपैकी एक आहे हे खरे. परंतु प्रत्येक वाढलेला किलो हा अधाशीपणाचा पुरावा नव्हे.

पहिले कारण स्नायूंचे आहे. माणूस अंथरुणाला खिळला की काही दिवसांतच त्याचे स्नायू झिजू लागतात. वय जितके अधिक तितकी ही झीज जाणवते. स्नायू विश्रांतीच्या वेळीही ऊर्जा वापरतात. ते कमी झाले म्हणजे शरीराची रोजची गरज घटते. पण ताटातील भात मात्र पूर्वीइतकाच राहतो. उरलेली ऊर्जा चरबीच्या रूपाने साठते. कित्येकदा काटा पूर्वीचाच आकडा दाखवतो, पण आतले स्नायू कमी आणि चरबी जास्त झालेली असते.

दुसरे कारण औषधांचे आहे. स्टेरॉइड गटातील औषधांनी भूक वाढते व अंगात पाणी साचते. इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या व मानसिक आजारांवरील काही औषधे यांनीही वजन वाढू शकते. थायरॉइड ग्रंथीचे कार्य मंदावले तरी तसेच होते. अशा वेळी औषध आपल्या मनाने बंद करणे धोक्याचे असते. स्टेरॉइड अचानक थांबवणे तर जिवावर बेतू शकते. डॉक्टरांना विचारून पर्याय शोधणे हाच योग्य मार्ग होय.

तिसरे कारण सर्वांत कमी लोकांना ठाऊक आहे. वजन कमी झाले की शरीर त्याला दुष्काळ समजते आणि गमावलेले परत मिळवण्यासाठी धडपडते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे ५० जणांवर झालेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, वजन घटवल्यानंतर वर्षभराने देखील भूक वाढवणारी संप्रेरके चढीच होती व तृप्तीची जाणीव देणारी संप्रेरके खालावलेलीच होती. याचा अर्थ, ज्याने वजन कमी केले आहे त्याला इतरांपेक्षा अधिक भूक लागते. नेमाने चालणे व मोजून जेवणे या गोष्टी त्या भुकेला आवर घालत असतात. आजारपण येते आणि तो आवर निघून जातो. येथे दोष कुणाचा?

उपवास वेगळा, आहारनियमन वेगळे

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे वळू या. ख्रिस्तसभेचा उपवास हा प्रभूकडे वळण्यासाठी, पश्चात्तापासाठी आणि भुकेल्या बांधवाची आठवण ठेवण्यासाठी असतो. तो प्रार्थना व दानधर्म यांच्याशी जोडलेला आहे. काट्यावरचा आकडा हे त्याचे उद्दिष्ट नव्हे.

शिवाय ख्रिस्तसभा ही माता आहे. ती आजारी लेकरावर ओझे लादत नाही. १९८३ च्या धर्मसंहितेतील नियम १२५२ प्रमाणे उपवासाचे बंधन १८ वर्षे पूर्ण झालेल्यांना आणि ५९ वर्षे पूर्ण होईपर्यंतच आहे. उपवासाचे दिवसही दोनच : राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार. त्या दिवशीही एक पूर्ण भोजन व दोन वेळा अल्पोपाहार घेता येतो. आजारी व्यक्ती, गरोदर व स्तनदा माता यांना या बंधनातून मोकळीक आहे. ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी आपल्या धर्मगुरूंशी बोलावे. खाण्याऐवजी कटू बोलण्याचा, टीव्हीचा वा मोबाइलचा त्याग करता येतो. आजाऱ्यांना भेट देता येते.

मधुमेहाच्या रुग्णांनी तर अधिकच सावध असावे. इन्सुलिन अथवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेऊन जेवण टाळले, तर रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. हातपाय थरथरणे, दरदरून घाम, गोंधळल्यासारखे होणे ही तिची लक्षणे आहेत. अशा वेळी लगेच साखर किंवा ग्लुकोज घ्यावे लागते. दुर्लक्ष झाल्यास माणूस बेशुद्ध पडतो. चाळीस दिवस एकवेळ जेवण्याचा बेत किती महागात पडू शकतो, हे यावरून लक्षात यावे.

संत इग्नेशियस यांचा धडा

या बाबतीत येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचे उदाहरण बोलके आहे. २० मे १५२१ रोजी पाम्पलोना येथील लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा उजवा पाय मोडला. कित्येक महिने ते अंथरुणाला खिळून होते. त्याच काळात त्यांचे मनपरिवर्तन घडले. पुढच्या वर्षी मान्रेसा येथे त्यांनी अतिशय कठोर तपश्चर्या आरंभली. मनाला शांती मिळावी म्हणून एकदा तर त्यांनी आठवडाभर काहीच खाल्ले नाही. अखेर त्यांच्या पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी त्यांना उपवास सोडण्याची आज्ञा केली. या अतिरेकाने त्यांची प्रकृती ढासळली आणि पुढे पोटाच्या दुखण्याने त्यांना आयुष्यभर छळले.

मात्र या अनुभवातून ते शहाणे झाले. १५४८ साली फ्रान्सिस बोर्जा यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी उपवास व तपश्चर्या कमी करण्याचा सल्ला दिला. शरीरसुद्धा देवानेच दिलेले आहे, त्याचाही हिशेब द्यावा लागेल आणि अशक्त शरीराने सेवा घडत नाही, असा त्या सल्ल्याचा आशय होता. ज्या संताने स्वतः अतिरेक केला, त्यानेच इतरांना समतोल शिकवला.

पवित्र शास्त्रातही असाच एक हृद्य प्रसंग आहे. राजांच्या पहिल्या पुस्तकातील १९ व्या अध्यायात एलिया संदेष्टा थकून, खचून एका झुडपाखाली निजतो आणि मरण मागतो. देवदूत त्याला रागे भरत नाही. तो त्याला उठवतो, भाकर व पाणी देतो. एलिया पुन्हा झोपतो, तेव्हा दुसऱ्यांदा उठवून खाऊ घालतो, कारण पुढची वाट लांबची असते. आधी विश्रांती, मग अन्न आणि त्यानंतर प्रवास हा क्रम आपणही ध्यानात ठेवावा.

पुन्हा आरंभ कसा करावा?

आरंभ डॉक्टरांपासून करावा. रक्तदाब, साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन यांची तपासणी करून घ्यावी व ‘मला कोणता व्यायाम चालेल, कोणता चालणार नाही?’ हे स्पष्ट विचारावे. अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेल्यांनी तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय व्यायाम वाढवूच नये. चालताना छातीत दुखले, दम लागला, चक्कर आली तर तिथेच थांबावे व लगेच उपचार घ्यावेत.

दुसरे म्हणजे, जिथे सोडले तिथून सुरुवात करू नये. आज शरीर जिथे आहे तिथून करावी. पूर्वी पाऊण तास चालत असाल, तर आता सपाट रस्त्यावर दहा मिनिटे पुरेत. ते आठवडाभर सोसले की दोन-तीन मिनिटे वाढवावीत. वेग किती असावा याची एक सोपी खूण आहे : चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण गीत गाता येऊ नये. रोझरीची एक-दोन रहस्ये चालत म्हटली, तरी पहिल्या आठवड्यापुरती वेळ आपोआप भरते.

झिजलेले स्नायू केवळ चालण्याने भरून येत नाहीत. भिंतीला टेकलेल्या मजबूत खुर्चीवरून सावकाश उठणे व बसणे, असे आठ-दहा वेळा, एक दिवसाआड करावे. पायाला दुखापत झालेल्यांनी ते फिजिओथेरपिस्टला विचारूनच करावे. त्याबरोबर प्रत्येक जेवणात प्रथिने हवीत : मासळी, अंडे, डाळ, मूग, दही. आपल्याकडे मासळीची कमतरता नाही. मात्र ती तळण्याऐवजी कालवणात घ्यावी. सुक्या खारवलेल्या मासळीत मीठ फार असते, हे रक्तदाबाच्या रुग्णांनी विसरू नये. ताटाचा अर्धा भाग भाजी व कोशिंबिरीने भरला की भाताला आपोआप मर्यादा पडते.

घाई मात्र नको. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात आठवड्याला अर्धा किलो घट सुरक्षित मानली आहे आणि दिवसाला १००० कॅलरींपेक्षा कमी आहार घेऊ नये असे बजावले आहे. वजन रोज करू नये. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सकाळी करावे. कमरेचा घेरही मोजावा. भारतीय पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक घेर ही धोक्याची सूचना समजली जाते.

अलीकडे वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांची बरीच चर्चा ऐकू येते. टिर्झेपटाइड हे त्यांतील एक औषध मार्च २०२५ मध्ये भारतात उपलब्ध झाले. काही रुग्णांना अशा औषधांचा चांगला उपयोग होतो व ती घेण्यात कमीपणा नाही. परंतु ती तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. औषध थांबवल्यावर वजन पुन्हा वाढण्याचा संभव मोठा असतो, हेही आधीच समजून घ्यावे.

आणि काटा हललाच नाही तर? येथे एक दिलासा देणारी गोष्ट सांगावीशी वाटते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांचा तीन वर्षे अभ्यास करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. आहार व चालण्याचा नेम पाळणाऱ्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण इतरांच्या तुलनेत २८.५ टक्क्यांनी कमी झाले. आणि हे घडले ते वजनात विशेष घट न होता. म्हणजे काटा रुसला तरी आपले श्रम वाया जात नाहीत.

कुटुंब व धर्मग्राम यांची जबाबदारी

मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात ‘किती जाड झालीस गं!’ असे आपण किती सहज बोलून जातो! बोलणारा विसरतो, ऐकणारी व्यक्ती मात्र त्या दिवसापासून वाट बदलते. आजाऱ्याला भेटायला जाताना बिस्किटांचे पुडे व मिठाई नेण्यापेक्षा फळे न्यावीत किंवा त्याच्याबरोबर दहा मिनिटे चालावे. घरातील एकाच्या ताटात वेगळी भाजी वाढण्याऐवजी सर्वांनीच ती खावी. लग्नसराईत व नाताळात ‘एवढ्याने काय होते’ म्हणून आग्रह करू नये.

संत पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले आहे. मंदिराची भिंत वादळाने खचली म्हणून कोणी मंदिराला दूषण देत नाही. ते पुन्हा बांधायला घेतात. उपवासकाळात आपण क्रूसाच्या वाटेची भक्ती करतो. त्या वाटेवर प्रभू येशू तीनदा पडतो : तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या स्थानी. प्रत्येक वेळी तो जिथे पडला तिथूनच उठून पुढे चालू लागतो. प्रायश्चित्त संस्कारातही आपण किती वेळा पडलो याचा हिशेब मांडून प्रभू आपल्याला परत पाठवत नाही. मग शरीराच्या बाबतीत आपणच स्वतःशी इतके कठोर का व्हावे?

त्या भगिनीला आम्ही एवढेच सांगितले की, उपवासाचे डॉक्टरांना व धर्मगुरूंना विचारा आणि चालण्याचे मैत्रिणींना. त्यांनी तिघांनाही विचारले. आता त्या पुन्हा पहिल्या मिस्साला जातात. त्यांची चाल वीस मिनिटांवर आली आहे. मैत्रिणी त्यांच्यासाठी पावले आवरती घेतात. वजन दीड किलोच उतरले आहे, पण साखर आटोक्यात आहे. ज्यांचा नेम आजारपणाने मोडला आहे त्या सर्व बंधुभगिनींना नव्याने आरंभ करण्याचे बळ प्रभू देवो, हीच प्रार्थना.