‘नर्सिंगला आहे’ म्हणायचं कधीपासून?

कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या शिकवणी केंद्रात मी ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजीच्या मुलांना मदत करते. त्याआधी बरीच वर्षं वॉर्डात काढली. सत्राच्या सुरुवातीला टेबलाभोवती जमलेल्या मुलांना मी विचारते, हा विषय कशासाठी घेतलात? बहुतेकांचं उत्तर एकच असतं, ‘मी नर्सिंग स्टुडंट आहे.’ प्रत्यक्षात त्या टेबलावर नर्सिंगचं एकही मूल नसतं. ज्यांना नर्सिंगला प्रवेश मिळालाय त्यांचा हा विषय कधीच पास होऊन गेलेला असतो. माझ्यासमोर बसलेत ते प्रवेशाचा अर्ज करण्यासाठी लागणारे विषय पूर्ण करणारे विद्यार्थी. इथे त्यांना ‘प्री-नर्सिंग’ म्हणतात. पण बोलताना तो ‘प्री’ फार लवकर गळून पडतो.

महाराष्ट्रात शिकलेल्या माणसाला हा प्रकार पटकन कळत नाही. मी मिरजेत जीएनएम केलं. आमच्याकडे आधी प्रवेश आणि मग ॲनाटॉमी. आजही साधारण तोच क्रम आहे: बारावी, सीईटी, कॅप राउंड, यादीत नाव, हॉस्टेल, गणवेश. हाडांची नावं पाठ करायची वेळ येते ती पहिल्या वर्षाला, म्हणजे तुम्ही नर्सिंगचे विद्यार्थी झाल्यावर. यादी लागली त्या संध्याकाळी घरात पेढे वाटता येतात, कारण आत कोण आणि बाहेर कोण हे त्या दिवशी ठरलेलं असतं.

अमेरिकेत गाडी उलटी चालते. बारावीनंतर मूल कॉलेजात येतं, पण नर्सिंगच्या विभागात नव्हे. काही विद्यापीठं सुरुवातीलाच थेट जागा देतात. बाकी ठिकाणी आधी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, बहुतेक ठिकाणी रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, मानसशास्त्र, इंग्रजी लेखन असे विषय स्वतःच्या हिमतीवर पूर्ण करायचे. मग ‘टीज’ नावाची प्रवेशपरीक्षा द्यायची. तिच्यात वाचन, गणित, विज्ञान आणि इंग्रजी मिळून १७० प्रश्न असतात आणि वेळ २०९ मिनिटं. आमच्या राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांत निदान ६२ टक्के हवेत. इतकं झालं की अर्ज करता येतो. अर्ज करता येतो, एवढंच. शिवाय अनेक ठिकाणी या विज्ञानविषयांना मुदत असते. पाच-सात वर्षांपूर्वी पास झालेली फिजिऑलॉजी पुन्हा करायला लावतात.

म्हणून आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत एखादी आई मला कौतुकानं सांगते, ‘ताई, आमची नर्सिंगला आहे, दुसरं वर्ष,’ तेव्हा मी हळूच विचारते, ‘क्लिनिकल्स सुरू झाली का?’ वॉर्डातलं हे शिक्षण प्रवेशानंतरच सुरू होतं. आई मुलीकडे बघते, मुलगी बुंदीच्या लाडवाकडे. आई खोटं बोलत नसते. कॉलेजात दोन वर्षं झालेली असतात, फी भरलेली असते, जाडजूड पुस्तकं टेबलावर असतात. तिच्या माहेरच्या हिशेबात याला ‘नर्सिंगला असणं’च म्हणतात.

उंबरठा कसा सरकला

हे आधीपासून असंच नव्हतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८६०मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात शाळा काढली आणि त्या धर्तीवर १८७३मध्ये न्यूयॉर्क, न्यू हेवन आणि बॉस्टन इथे अमेरिकेतल्या शाळा सुरू झाल्या. या शाळा हॉस्पिटलच्याच असत. नवी मुलगी आधी आत घ्यायची आणि मग तिला पारखायचं, अशी पद्धत. पहिले काही महिने ती उमेदवार. बाकीच्या तिला ‘प्रोबी’ म्हणायच्या. टिकली तर समारंभानं डोक्यावर टोपी चढायची. म्हणजे कसोटीचा काळ तेव्हाही होता, फक्त तो दाराच्या आत होता. उमेदवार मुलीला राहायला खोली होती, जेवण होतं, शिकवणारी सिस्टर होती.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून शिक्षण हॉस्पिटलातून कॉलेजात सरकलं. १९५२मध्ये मिल्ड्रेड मोंटॅग या प्राध्यापिकेच्या प्रकल्पातून कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांत नर्स घडवण्याचा प्रयोग सुरू झाला. कमी खर्चात, घरी राहून, संसार सांभाळून शिकता येईल असा हा रस्ता होता आणि तो चांगलाच रुळला. पण विज्ञानाचे विषय हळूहळू दाराबाहेर ठेवले गेले. कागदावर अभ्यासक्रम आजही दोन वर्षांचा; बाहेरची वर्षं धरली तर तीन-चार सहज होतात. कसोटी तीच, पण आता ती देणाऱ्या मुलीला ना खोली, ना शिकवणारी सिस्टर, ना ओळखपत्र. तिनं स्वतःला काय म्हणायचं हा प्रश्न या सरकलेल्या उंबरठ्यातून आलाय.

जागा का नाहीत

वाट इतकी लांबते कारण जागा कमी आहेत. नर्सिंग महाविद्यालयांच्या अमेरिकन संघटनेच्या पाहणीनुसार २०२३मध्ये पदवी आणि त्यापुढच्या अभ्यासक्रमांना आलेले ६५,७६६ पात्र अर्ज परत गेले. २०२१मध्ये हा आकडा ९१,९३८ होता. एकाच मुलीचे चार कॉलेजांत चार अर्ज असू शकतात, त्यामुळे माणसं याहून कमी; तरी अंदाज यावा. इकडे हॉस्पिटलं नर्सेस मिळत नाहीत म्हणून ओरडतात आणि तिकडे पात्र मुली दारात उभ्या.

कारणं वॉर्डात काम केलेल्या कुणालाही समजतील. शिकवायला किमान मास्टर्स झालेली नर्स लागते, आणि तेवढं शिकलेल्या नर्सला हॉस्पिटलात शिकवण्यापेक्षा जास्त पगार मिळतो. मग शिकवायला कोण येणार? दुसरं, क्लिनिकल. एका शिक्षिकेमागे वॉर्डात आठ-दहा विद्यार्थीच ठेवता येतात. पेशंटही तितकेच आणि त्यांच्या खाटांभोवती चार कॉलेजांची मुलं. वर्गात चाळीस बाकं वाढवता येतील, बाळंतपणाच्या वॉर्डात बाळंतिणी कुठून वाढवणार?

मग निवड कशी करायची? काही कॉलेजं पात्र अर्जांतून चक्क चिठ्ठ्या काढतात, काही प्रतीक्षायादी लावतात, काही गुण देतात. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानं कम्युनिटी कॉलेजांना गुणपद्धतीची मुभा दिली आहे. त्यात विषयांतले मार्क, आधीची पदवी, आरोग्यसेवेतलं काम, आयुष्यातल्या अडचणी यांच्याबरोबर इंग्रजीखेरीज दुसरी भाषा येण्यालाही गुण मिळू शकतात, आणि कायद्यातल्या नमुन्यादाखल दिलेल्या यादीत भारतीय उपखंडातल्या भाषांचा उल्लेख आहे. मराठी घरातल्या मुलींना मी हे मुद्दाम सांगते. आजीशी मराठीत बोलणं अर्जात उपयोगी पडू शकतं हे ऐकून त्यांना गंमत वाटते.

कोण ऐकतंय ते पाहा

‘बाजारात तुरी’ म्हणून या मुलींना हसणं सोपं आहे. माझ्या जुन्या सहकारी हसतातही. ‘आम्ही रात्र-रात्र ड्युट्या करून ते नाव कमावलं,’ म्हणतात. मला ते पुरतं पटत नाही. दिवसा दुकानात काम करून रात्री मायक्रोबायॉलॉजी करणाऱ्या मुलीला आपण कुठे चाललोय हे सांगायला काहीतरी नाव हवं. माझं म्हणणं एवढंच, की ते नाव ऐकणारा माणूस त्याच्या भरवशावर काय करणार आहे, हे पाहून ते वापरावं.

सांगलीच्या आजीला व्हिडिओ कॉलवर ‘नर्सिंग करतेय’ म्हटलं तर आजी शेजारणीला सांगेल, यापलीकडे काही होत नाही. तिथे बारकावे समजावत बसायची गरज नाही. शिष्यवृत्तीचा किंवा नोकरीचा अर्ज आला की गोष्ट वेगळी. तिथे ‘नर्सिंग स्टुडंट’ याचा ठरलेला अर्थ आहे आणि समोरचा माणूस कॉलेजला फोन करून विचारू शकतो. ‘प्री-नर्सिंग, अमुक विषय पूर्ण’ असं लिहिलं तर कुणी आक्षेप घेत नाही. वाढवून लिहिलेलं उघडं पडलं तर पुढच्या खऱ्या ओळींवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

सर्वांत जपायचं ते आजारी माणसासमोर. आमच्या टेबलावरच्या एका मुलीला शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘तू नर्सिंगची ना? यांची बीपीची सकाळची गोळी राहिली, आता दोन एकदम दिल्या तर चालतील?’ तिचं तोवर फक्त रसायनशास्त्र झालं होतं. तिनं काकूंना फार्मसीला फोन लावून दिला. शहाणी निघाली. पण काकूंनी विचारलं ते त्या नावाच्या भरवशावर. आपल्याकडेही सोसायटीत कुणी ‘नर्सिंगला आहे’ कळलं की लोक इंजेक्शन हातात घेऊन दारात येतात. तुम्ही स्वतःला काय समजता याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. त्यांना मदत हवी असते.

प्रवेश मिळालेल्या विद्यार्थिनीकडे या भरवशामागे उभं राहणारं बरंच काही असतं. तिची पोलीस-पडताळणी झालेली असते, हिपॅटायटिस-बी आणि गोवराच्या लसी, क्षयाची चाचणी, सीपीआरचं कार्ड, सगळं फाइलमध्ये लागलेलं असतं. गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र असतं. आणि मुख्य म्हणजे तिच्या चुकीला जबाबदार शिक्षिका शेजारी उभी असते. कायदा तिला पेशंटला हात लावू देतो तो अभ्यासक्रमाचा भाग म्हणून. अभ्यासक्रम संपल्यावरही ‘रजिस्टर्ड नर्स’ लावायला ‘एनक्लेक्स’ ही परीक्षा पास व्हावी लागते आणि राज्याचा परवाना घ्यावा लागतो.

दोष सगळा मुलींवर टाकणं मात्र अन्याय होईल. कित्येक कॉलेजं ‘प्री-नर्सिंग’ला येईल त्याला घेतात, आणि नर्सिंगच्या जागा मात्र मूठभर. पहिल्या दिवशी कुणी तो हिशेब फळ्यावर मांडत नाही. नाव लावलं की मनही त्याला चिकटतं. दोन-तीन वेळा नकार आलेली मुलगी रेडिओलॉजी, रेस्पिरेटरी थेरपी किंवा व्होकेशनल नर्सचा अभ्यासक्रम बघायलाही तयार होत नाही, कारण ‘मी तर नर्सिंगची’.

महाराष्ट्रातला धोका याच्या उलट आहे. अमेरिकेतल्या मुलीला आपण अजून आत नाही हे मनातून माहीत असतं. तिकडे सहा महिन्यांच्या ‘नर्सिंग कोर्स’ची फी भरलेल्या, गणवेश घालून रोज वर्गाला जाणाऱ्या मुलीला आपण आत आहोत असंच वाटतं. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी चार वर्षांचं. यात न बसणारा, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता नसलेला कोर्स केला तर शेवटी नोंदणी होत नाही. फी भरण्याआधी कौन्सिलच्या यादीत संस्थेचं नाव शोधायला दहा मिनिटं पुरतात.

मुलींना मी सांगते, थांबायच्या काळात खरं असलेलं एखादं नाव मिळवा. कॅलिफोर्नियात सीएनए, म्हणजे प्रमाणित नर्सिंग सहायक, होण्यासाठी १६० तासांचं प्रशिक्षण असतं: ६० तास वर्गात, १०० तास पेशंटजवळ. कूस बदलणं, आंघोळ घालणं, भरवणं, नाडी मोजणं. काम कष्टाचं, पगार बेताचा. पण परीक्षा पास झाल्यावर ते नाव तुमचंच, आणि निवडीच्या गुणांतही त्या अनुभवाची भर पडते. काहींना तिथे पहिल्याच महिन्यात कळतं की हे आपल्याला झेपणारं नाही. प्रवेशाआधी कळलं तर तेही बरंच.

घरच्यांसाठीही एक सूचना आहे. ‘नर्स कधी होणार?’ याचं उत्तर त्या मुलीच्या हातात नसतं. ते जागांवर, चिठ्ठ्यांवर आणि दुसऱ्यांच्या मार्कांवर ठरतं. त्याऐवजी ‘या सत्रात कुठला विषय घेतलायस?’ असं विचारा. मग ती मूत्रपिंडाबद्दल इतकं बोलेल, की तुम्हीच तिला थांबवाल.