चटणी पडण्यापूर्वीची वाटी

गेल्या पावसाळ्यात इचलकरंजीला भाचीच्या घरी मी चार दिवस राहिले. दोन खोल्यांचे घर, नवरा यंत्रमागावर पाळीने जाणारा, सासू-सासरे आणि साडेतीन वर्षांचा मुलगा. पहिल्याच दिवशी लक्षात आले, की त्या एवढ्याशा घरात रोज तीन स्वयंपाक होतात. मोठ्यांसाठी ज्वारीची भाकरी आणि झणझणीत आमटी; मुलासाठी साखर-तुपाची पोळी; ती नाकारली की पाकिटातील नूडल्स; आणि तेही नको झाले की दुधात बुडवलेली बिस्किटे. दिवसभरात तो चार-पाच पेले दूध पीत असे. "आत्या, दूध तरी पोटात जातंय, तेवढंच समाधान," भाची म्हणाली. पण तिच्या आवाजात समाधान नव्हते. महिनाभरापूर्वीच्या तपासणीत मुलाचे हिमोग्लोबिन ८.९ आले होते. सासूबाईंनी त्याचे खापर सुनेच्या हातच्या चवीवर फोडले होते, आणि सुनेने ते मुकाट्याने स्वीकारले होते.

या वयाच्या मुलाचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले, की त्याला रक्तक्षय म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या भारतीय मुलांपैकी ६७ टक्के मुलांत तो आढळला. तेव्हा हा एका सुनेच्या हाताच्या चवीचा प्रश्न नव्हे. घरात ज्वारी होती, डाळी होत्या, शेंगदाण्यांचा डबा भरलेला होता. तरीही मुलाचे रक्त पातळच होते. खर्च कमी होत होता असेही नाही. बिस्किटे, नूडल्स आणि दुधात घालायची चॉकलेटी पावडर यांवर महिन्याकाठी जे जात होते, त्यात घरभर अंडी आली असती.

दुधाविषयी आपल्याकडे इतकी श्रद्धा आहे, की त्याला दोष देणे म्हणजे पापच वाटते. दूध चांगलेच आहे. परंतु त्यात लोह जवळजवळ नसते, त्यातील कॅल्शियममुळे इतर अन्नातील लोह शोषले जाण्यात अडथळा येतो, आणि मुख्य म्हणजे एवढ्याशा पोटात चार पेले दूध गेल्यावर भाकरीला जागा उरत नाही. एक वर्षानंतर दिवसाला साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर दूध पुष्कळ होते. चॉकलेटी पावडरीबद्दल बोलायचे, तर 'हेल्थ ड्रिंक' अशी काही व्याख्याच आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात नाही. २०२४च्या एप्रिलमध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये त्या नावाच्या वर्गातून काढण्यास सांगितले, ते याच कारणाने.

मग मूल घरचे का खात नव्हते? याचे उत्तर मला दुसऱ्या दिवशी आमटीची फोडणी बसताना मिळाले. त्या भागात कांदा-लसूण मसाल्याला 'चटणी' म्हणतात, आणि ती हाताने नव्हे तर पळीने पडते. मुलाने वर्षापूर्वी एकदा ती आमटी चाखली, जीभ पोळली, रडला. तेव्हापासून घरचे लालसर दिसणारे काहीही त्याच्यासाठी शत्रू झाले. म्हणून त्याच्यासाठी वेगळे करणे सुरू झाले, आणि वेगळे म्हणजे गोड किंवा पाकिटातले, असा अर्थ आपोआप झाला.

यावर उपाय वेगळा स्वयंपाक नाही. त्याच स्वयंपाकातील एक वाटी वेळेवर बाजूला काढणे हा आहे. कुकरमध्ये पाच माणसांची तूरडाळ शिजतेच. तिच्यासोबत लाल भोपळ्याच्या चार फोडी आणि मूठभर चिरलेला पालक शिजवला, सगळे एकजीव घोटले, हळद-हिंग-जिऱ्याची फोडणी दिली आणि कोकम किंवा चिंच टाकली, की मुलाची वाटी तयार. ती काढून घ्यावी आणि मग उरलेल्या पातेल्यात पाहिजे तेवढी चटणी घालावी. मटकीची उसळ, वांग्याची भाजी, मेथी-मूगडाळ, अंडाकरी, सगळ्यांना हाच नियम लागतो. गॅस एकदाच पेटतो आणि भांडेही एकच घासावे लागते.

वाटी घट्ट मात्र असावी. लहान मुलांना डाळीवरचे निवळ पाणी पाजण्याची जुनी पद्धत अजून घरोघर दिसते. त्या पाण्यात रंग आणि मीठ असते, डाळ तळाशी राहते. चमच्यातून सहज ओघळणार नाही असे वरण, त्यात कुस्करलेली भाकरी किंवा मऊ भात, वरून चमचाभर तूप किंवा शेंगतेल. मुलाचे पोट लहान असल्याने थोड्या घासांत अधिक ऊर्जा जावी, यासाठी हे तेल-तूप आवश्यक आहे, लाड म्हणून नव्हे. भाताच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर असते. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यातून मिळते. आपली वरण-भाताची आणि भाकरी-उसळीची जोडी म्हणूनच पक्की आहे.

लोहाच्या बाबतीत एक भ्रम दूर करायला हवा. बीट लाल असते म्हणून ते रक्त वाढवते, अशी समजूत आहे. त्या रंगाचा लोहाशी संबंध नाही. पालेभाज्या, मटकी, हरभरा, हुलगे यांत लोह असते, पण वनस्पतीतील लोह शरीर कंजूषपणे घेते. जेवणातच लिंबू, आवळा, पेरू किंवा कच्चा टोमॅटो असला, की त्यातील क जीवनसत्त्वामुळे ते बरेच अधिक शोषले जाते. कडधान्य भिजवून मोड आणल्यानेही मदत होते. उलट जेवणाबरोबर दिलेला चहा हे लोह अडवतो. बशीतून लहानग्याला दोन घोट चहा देणारे आजोबा ज्या घरात असतील, तेथे हे सांगण्याचे काम नाजूक आहे. आमच्याकडे ते मी केले, म्हणजे भाचीवर राग आला नाही. मांसाहार चालत असेल तर आठवड्यातून एकदा थोडी कलेजी स्वस्त पडते, आणि तिच्यातील लोह सहज अंगी लागते. कोकणातील घरांत भाजलेल्या सुकटीची पूड वरण-भातावर भुरभुरली तर चालते. मात्र खारवलेली सुकट धुऊन घ्यावी.

न्याहारीचा प्रश्न धिरड्यांनी सुटला. एक वाटी सालीसकट हिरवे मूग आणि दोन चमचे तांदूळ रात्री भिजवायचे, सकाळी आले-जिरे घालून वाटायचे, मीठ आणि किसलेले गाजर मिसळायचे. पहिली दोन छोटी धिरडी मुलाची. मग उरलेल्या पिठात मिरची-लसूण वाटून घालायचे आणि मोठ्यांची घालायची. वेळ नसेल त्या दिवशी अंड्याचा पोळा. बेसनाचे किंवा थालीपिठाच्या भाजणीचे छोटे, हातात मावणारे थालीपीठ डब्यालाही चालते आणि त्यात शेवग्याचा पाला बेमालूम खपतो. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तिची ताकातली आंबील, म्हणजे दुधाचा पेला कमी केल्याची धास्ती वाटणाऱ्या आईला चांगला दिलासा. शेंगदाणे पाच वर्षांच्या आत अख्खे देऊ नयेत, श्वासनलिकेत अडकतात. कूट करून कशातही घालावेत.

इतके झाले तरी मूल खाईलच असे नाही, आणि खरी कसोटी इथेच असते. दोन ते सहा वर्षांच्या वयात नव्या पदार्थाचा संशय येणे हा मुलांचा स्वभावधर्म आहे. एखादी भाजी आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा समोर आल्यावर ती ओळखीची होते; आपण मात्र तिसऱ्या नकाराला 'याला आवडतच नाही' असा शिक्का मारून मोकळे होतो. अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी एक साधी वाटणी सुचवली आहे: काय, केव्हा आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे; खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. ऐकायला सोपे, पाळायला महाकठीण. विशेषतः शेजारी सासूबाई बसलेल्या असताना.

भाचीच्या घरी आम्ही बिस्किटांचा डबा माळ्यावर ठेवला, दुधाचे दोन पेले ठरवले तेही जेवणापासून दूर, आणि मुलाला पाटावर सगळ्यांच्या पंगतीत बसवले. मोबाइल बंद. ताटात वर्षाला एक चमचा या हिशेबाने तीन चमचे उसळ, तीन चमचे भात, चतकोर भाकरी. भाची म्हणाली, "एवढंसंच?" मोठ्या ताटाचा डोंगर पाहूनच मुले हबकतात, हे आपल्या ध्यानात येत नाही. पहिल्या दिवशी तो भात खाऊन उठला. त्या रात्री भूक लागली म्हणून रडला, आणि बिस्किटाऐवजी केळे मिळाले, तेव्हा सासूबाईंनी मला जे ऐकवले ते येथे लिहिण्यासारखे नाही. त्यांचेही खरे होते; रडणारे नातवंड पाहवत नाही. तिसऱ्या दिवशी त्याने आजोबांच्या ताटातील भाकरीचा पापुद्रा उचलून आपल्या वरणात बुडवला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मीच तशी सूचना दिली होती, आणि मलाच ती पाळणे जड गेले.

आहाराने सगळे होते असे मात्र नाही. हिमोग्लोबिन एवढे खाली असताना डॉक्टरांनी दिलेले लोहाचे औषध पूर्ण मुदतीपर्यंत घ्यावेच लागते. 'अॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचे सिरप विनामूल्य मिळते. त्याची चौकशी आशाताईंकडे करावी. अंगणवाडीतील जंतनाशक गोळी चुकवू नये. मूल माती, खडू, पाटीवरची पेन्सिल खात असेल, सतत मलूल असेल किंवा त्याचे वजन महिनोन्महिने वाढत नसेल, तर धिरड्यांवर विसंबू नये, दवाखाना गाठावा.

दिवाळीनंतर भाचीचा फोन आला. पुन्हा केलेल्या तपासणीत हिमोग्लोबिन १०.८ होते. मुलगा आता मटकीची उसळ मागून खातो, वरण-भाकरी खातो, अंड्याचा पोळा तर ओरबाडून खातो. चटणी पडण्यापूर्वीची वाटी काढून ठेवण्याचे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतले आहे. सून विसरते, असे त्यांचे म्हणणे. दुधी मात्र त्याने अजून एकदाही तोंडात घातलेला नाही. भाचीने मोजले आहे, चौदा वेळा झाले.