ळकाराची सनद आणि वहिवाट

मुळाक्षरांच्या तक्त्यात ‘ह’च्या पुढे आणि ‘क्ष’च्या मागे जे अक्षर बसलेले असते, त्याची योग्यता त्या स्थानावरून ठरवू जाणारा मनुष्य फसल्यावाचून राहणार नाही. ‘ळ’ने आरंभ होणारा शब्द मराठीत नाही; म्हणून अंकलिपीत ‘क’ला कमळ मिळते आणि ‘ळ’ला त्याच कमळाच्या शेवटी उभे राहावे लागते, आणि कोशकारही त्याच्यासाठी पाने राखून ठेवीत नाहीत. असे असूनही सकाळ आणि संध्याकाळ, उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा, कारण सांगणारे ‘मुळे’ हे अव्यय आणि जिच्या निमित्ताने विशेषांक निघतात ती दिवाळी, यांपैकी कोणाचेही या अक्षरावाचून चालत नाही.

दिल्लीकर मराठी माणसाला त्याची जाणीव पुणेकरापेक्षा अधिक होते, कारण तेथे ते पदोपदी गहाळ होते. पहाडगंजातील आरामबागेत नूतन मराठी विद्यालय आणि बृहन्महाराष्ट्र भवन या संस्था असल्यामुळे त्या भागात मराठी मंडळींचा राबता असतो; परंतु तेथून बाजाराकडे वळताच केळे ‘केला’ होते, डाळ ‘दाल’ होते, गूळ ‘गुड़’ होतो आणि मंडळाचे ‘मंडल’ होते. लगतच्या नवी दिल्ली स्थानकातून पूर्वेकडे निघालेली गाडी प्रथम शिवाजी ब्रिज आणि मग तिलक ब्रिज ही स्थानके ओलांडते. मिंटो आणि हार्डिंग या व्हाइसरॉयांची नावे जाऊन तेथे दोन मराठी पुरुषांची नावे आली खरी, परंतु बाळ गंगाधर टिळकांच्या नावातील दोन्ही ळकारांना त्या स्थित्यंतरात रजा मिळाली.

वस्तुतः ज्या वस्तीत हा अनुभव येतो, तिच्या नावातच ळकाराच्या कुळकथेचा एक धागा दडलेला आहे. ऋग्वेदाच्या शाकल शाखेत दोन स्वरांमध्ये सापडलेल्या ‘ड’चा उच्चार ‘ळ’ होतो आणि ‘ढ’चा ‘ळ्ह’; पहिल्याच सूक्तातील ‘ईळे’ हे क्रियापद त्याची साक्ष देते. हिंदीने त्याच परिस्थितीतील ‘ड’ला खाली नुक्ता देऊन ‘पहाड़गंज’ म्हटले. पुढे पाणिनीच्या माहेश्वर सूत्रांत ळकाराला जागा मिळाली नाही आणि अभिजात संस्कृतातून तो जवळजवळ हद्दपार झाला. मराठीने मात्र ती जुनी चाल सोडली नाही. गुडाचा गूळ, तडागाचे तळे, षोडशाचे सोळा आणि दाडिमाचे डाळिंब ही सारी त्याच घराण्यातील मंडळी होत.

ळकाराचा दुसरा आणि अधिक समृद्ध उगम ‘ल’मध्ये आहे, आणि त्यामागील नियम मोठा शिस्तीचा आहे. प्राकृतात दोन स्वरांमध्ये एकेरी आलेला ‘ल’ मराठीत ‘ळ’ झाला, दुहेरी ‘ल्ल’ मात्र एकेरी होऊन ‘ल’च राहिला. म्हणून ‘गल’पासून गळा आणि ‘गल्ल’पासून गाल, ‘वेला’पासून वेळ आणि ‘वेल्ली’पासून वेल, ‘काल’पासून काळ आणि ‘कल्य’, ‘कल्ल’ या मार्गाने आलेला कालचा दिवस. हे स्थित्यंतर पुरे झाल्यानंतर फारसी-अरबी शब्द आपल्या मुलखात आले, त्यामुळे माल, साल, महाल, वकील, अंमल, दाखला, हवाला ही दफ्तरातील मंडळी आजतागायत आपला लकार सांभाळून आहेत. फुलांची माळ आणि दुकानातला माल यांत केवळ उच्चाराचे नव्हे, कित्येक शतकांचे अंतर आहे. पंडितांनी पुन्हा संस्कृतातून उचललेले शब्दही असेच ओळखू येतात : टोपलीत असते ते फळ, व्रताच्या अखेरीस ऐकायची ती फलश्रुती, झाडाला असते ते मूळ, तत्त्व असते ते मूलभूत.

परंतु केवळ व्युत्पत्तीच्या खातेवहीत नोंदवून ठेवण्याजोगे हे अक्षर नव्हे. ओढ्याची खळखळ आणि पानांची सळसळ, मनाची तळमळ आणि पोटातली मळमळ, सभेतील चुळबुळ आणि समाजातील चळवळ, या सर्वांस जिभेचे टोक टाळूकडे वळवून काढलेला हा ध्वनी आपली गती देतो. शब्दाच्या अखेरीस जडला की तो स्वभावचित्रे काढू लागतो : प्रेमळ, खट्याळ, वाचाळ, नाठाळ, लाजाळू, विसराळू. राष्ट्रसभेतील ज्या दोन पक्षांची १९०७ साली सुरतेस फारकत झाली, त्यांना मराठीने दिलेल्या नावांतही ‘जहाल’ने लकार घेतला आणि ‘मवाळ’ने ळकार, हा योगायोग मोठा मौजेचा खरा.

हे वैभव केवळ मराठीचे मानण्याचे कारण नाही. गुजराती, राजस्थानी, ओडिया आणि दक्षिणेतील चारही प्रमुख भाषांत ळकार आहे. आणि खुद्द दिल्लीला वेढून असलेल्या हरयाणवी बोलीत, तसेच फाळणीनंतर दिल्लीत स्थायिक झालेल्या पंजाबी कुटुंबांच्या तोंडी तो सर्रास ऐकू येतो. गुरुमुखीत लकाराच्या पायाशी बिंदू देऊन तो दाखविण्याची सोय आहे, जरी ती सर्वत्र पाळली जात नसली. उलट, आमच्या वऱ्हाडात डोळ्याचा ‘डोया’ आणि काळ्याचा ‘काया’ होतो, म्हणून तेथील मराठी उणी ठरत नाही. दिल्लीच्या बाजारातून ळकार मुळातच निर्वासित आहे असे नव्हे. तो कानांवर पडतो, पाटीवर चढत नाही, इतकेच.

पाटीवर चढण्यास त्याला सरकारी हरकतही नाही. केंद्रीय हिंदी निदेशालयाने मान्य केलेल्या मानक देवनागरी वर्णमालेत ‘ळ’चा समावेश आहे आणि युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र स्थान आहे. दिल्लीत १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले; त्यानंतर २०२५ च्या फेब्रुवारीत तालकटोरा स्टेडियममध्ये भरलेल्या अठ्ठ्याण्णवाव्या संमेलनाच्या अध्यक्षपदी तारा भवाळकर होत्या. हे आडनाव हिंदी मजकुरात ‘भवालकर’ असे छापणाऱ्यास अक्षराच्या अभावाची सबब सांगता येणार नाही. विशेषनाम हे ज्याचे त्याचे असते. ते लिहिताना धारकाची वहिवाट प्रमाण मानावी, हा साधा न्याय आहे. पण त्याची मागणी दुसऱ्यांकडे करण्यापूर्वी दिल्लीतील मराठी कुटुंबांनी आपल्या मुलांचे अर्ज, दाखले आणि दारावरच्या पाट्या तपासाव्यात; कारण वेदांपासून निदेशालयापर्यंतची सनद हाती असूनही जे अक्षर आपण स्वतःच्या नावात लिहीत नाही, ते इतरांनी लिहावे असा आग्रह धरण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.