खानावळीची वही

अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात ‘सरासरी’ हा शब्द वाचला, तेव्हा तो मला परीक्षेपुरताच वाटला होता. त्याचा खरा अर्थ कळला तो पुण्याच्या पेठेतील एका खानावळीत. आपल्या महाविद्यालयातले बरेच विद्यार्थी बाहेरगावचे आहेत आणि दोन्ही वेळा कुठल्या ना कुठल्या खानावळीत जेवतात. आमटी पातळ होती, भाजीत बटाटाच जास्त होता, यावर आपण रोज बोलतो. पण एवढ्या पैशांत पोटभर जेवण मिळते कसे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मी जेथे जेवतो, त्या खानावळीची हिशेबाची वही गेल्या जूनपासून मी लिहितो. त्या वहीवरून जे समजले, ते येथे मांडत आहे.

शिकायला आलेल्या मुलाच्या जेवणाचा प्रश्न जुना आहे. पूर्वी पुण्यात मुले माधुकरी मागत, वार लावून जेवत. मात्र ती दारे सगळ्या जातींच्या मुलांना उघडी नव्हती. म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी करण्यास चालना दिली, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र बोर्डिंग काढले. शाळेची फी माफ झाली, तरी पोटाची सोय झाल्याशिवाय खेड्यातला मुलगा शिकू शकत नाही, हे या दोघांनी ओळखले होते. ज्यांना वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी आज खानावळ आहे.

आमच्या खानावळीत साठ मेंबर आहेत. दोन वेळचे महिन्याला ३२०० रुपये आणि एक वेळचे १८००. पाटीवर ‘अमर्याद’ असे लिहिलेले आहे. पहिल्या दिवशी मी ती पाटी अक्षरशः खरी मानली. घरी ज्वारीच्या भाकरीची सवय. पातळ पोळीने पोट भरल्यासारखे वाटेना. मी नऊ पोळ्या खाल्ल्या. वाढपी काही बोलला नाही, फक्त दहावी वाढू का म्हणून उभा राहिला. मला वाटले, आता या लोकांचे दिवाळे निघणार!

तसे होत नाही, याचे कारण सरासरी. जूनमध्ये नवे मेंबर सात-आठ पोळ्या खातात. नव्याची नवलाई नऊ दिवस! उद्याही जेवण मिळणार आहे, याची खात्री पटली की माणूस आपोआप चार-पाचांवर येतो. कोणी तीनच खातो, कोणी सात. काकू (मालकीणबाईंना सगळे काकूच म्हणतात) धरतात माणशी पाच. साठ माणसांच्या तीनशे पोळ्या. किलोभर कणकेच्या साधारण तीस होतात, म्हणजे दहा किलो कणीक भिजवायची. हा अंदाज फार क्वचित चुकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे अमर्याद काय आणि मर्यादित काय. पोळी, रस्सा, वरण आणि भात हवा तितका. सुकी भाजी दोनदाच, पापड एक, गोड असेल तर एक वाटी. जे स्वस्तात पोट भरते तेवढेच अमर्याद असते. दोन किलो तूरडाळीत साठ जणांचे वरण होते. ते पातळ का, हे आता निराळे सांगायला नको. आठवड्यातून दोनदा मटकीची उसळ असते, कारण मटकी भिजून, मोड येऊन चांगलीच फुगते, आणि भाजीबाजार कडाडला तरी तिचा भाव त्या मानाने स्थिर राहतो.

तिसरी गोष्ट आगाऊ पैशांची. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी मुंबईत ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ सुरू केले, ते गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांसाठी. कामगार पगार झाल्यावर पैसे देई, किराणा मात्र आधी भरावा लागे. त्यामुळे या बायका सावकाराच्या व्याजात अडकत. मंडळाने त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. आपल्याकडे उलटे आहे. विद्यार्थी महिन्याचे पैसे पहिल्या तारखेला भरतो आणि त्या पैशांतून किराणा येतो. म्हणजे तुम्ही आम्ही काकूंचे बिनव्याजी सावकारच आहोत. पहिल्या तारखेचे पैसे पंधराला दिले, तर मधले पंधरा दिवस दुकानदाराची उधारी वाढते.

चौथी गोष्ट खाड्याची. जेवायला न आलेला दिवस म्हणजे खाडा. सलग तीन दिवसांचे खाडे असतील आणि आदल्या दिवशी सांगितले, तरच ते पुढच्या महिन्यात धरले जातात. हा नियम जाचक आहे असे मीही म्हणत असे. पण न सांगता पडलेल्या खाड्यात कणीक भिजलेली असते, डाळ शिजलेली असते, गॅस जळलेला असतो. धंद्यासाठी घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर वापरता येत नाही. १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो आणि तो किलोमागेही महाग पडतो. रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी बंद, याचाही हिशेब हाच. फीस्टचा जादा खर्च संध्याकाळच्या सुटीतून भरून निघतो, आणि पोळ्या लाटणाऱ्या दोन मावशींना आठवड्यात तेवढीच एक संध्याकाळ घरी मिळते.

वहीत किराणा, भाजी, गॅस, भाडे, वाढपी आणि मावशींचा पगार असे रकाने आहेत. पहिल्या महिन्याची बेरीज केली, तेव्हा थोडे पैसे उरलेले दिसले. मी विचारले, “काकू, तुमचा पगार कुठे मांडू?”

त्या हसल्या. “उरलं ते माझं. नाही उरलं तर ते पण माझंच.”

पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत राबणाऱ्या माणसाला रकानाच नव्हता. साताऱ्याच्या बोर्डिंगात धान्य संपले, तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी मुलांसाठी मंगळसूत्रसुद्धा मोडले, हे आपण भाषणांतून ऐकतो. खानावळ हा धंदा आहे आणि काकू काही धर्मादाय करीत नाहीत. तरी स्वस्ताईचा एक भाग सरासरीतून येतो, तसा दुसरा या न लिहिलेल्या पगारातून येतो, हे मान्य केले पाहिजे. २०२० साली सरकारने दहा रुपयांची शिवभोजन थाळी काढली, तेव्हा शहरातल्या थाळीची किंमत पन्नास रुपये धरून वरचे चाळीस शासन भरत होते. आमच्या थाळीवरचे वरचे पैसे कोण भरते, ते त्या दिवशी मला समजले.

शेवटी एक कबुली. गेल्या वर्षी दुसऱ्या सत्रात माझ्याजवळ पैसे नव्हते. मी आणि माझा खोलीतला मित्र मिळून एकच दोन वेळचे कार्ड काढले. दुपारी मी जेवायचो, रात्री तो. दोघे एक वेळचे मेंबर झालो असतो तर ३६०० लागले असते. आम्ही ३२०० भरले. शिवाय प्रत्येक जण एका वेळेला दिवसभराचे जेवत असे. आमच्या या हुशारीचा कोणाला पत्ता नाही असे आम्ही समजत होतो.

यंदा वही हातात आली, तेव्हा मागची पाने चाळली. २०२० च्या एप्रिलची पाने टाळेबंदीमुळे कोरी होती. पुढे गेल्या वर्षीच्या जानेवारीत माझ्या कार्डाचा क्रमांक सापडला. त्यासमोर काकूंच्या अक्षरात दोन नावे होती. माझे आणि मित्राचे. खाली लिहिले होते : ‘कणीक जास्त धरणे.’

त्यांनी मला कधी काही विचारले नाही. मीही अजून विषय काढलेला नाही. पण या महिन्यापासून मी वहीत एक नवा रकाना आखला आहे. त्याच्या डोक्यावर ‘काकू’ असे लिहिले आहे. त्यात आकडा किती मांडायचा, यावर आमचा वाद अजून चालू आहे. तोवर आपण सर्वांनी खाडा आदल्या दिवशी सांगावा आणि पैसे पहिल्या तारखेला द्यावेत, एवढीच विनंती.