विश्लेषण: योनीमार्गातील बुरशीचा संसर्ग पुन्हा पुन्हा का होतो? ‘जास्त स्वच्छता’ हा त्यावर उपाय आहे का?

खाज सुटली, अंगावरून पांढरे जाऊ लागले की घरात पहिला सल्ला मिळतो तो ‘नीट स्वच्छता ठेव’ असा. मग साबण बदलला जातो, इंटिमेट वॉशची बाटली येते, मेडिकलमधून एखादे मलम आणले जाते. चार दिवस बरे वाटते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तोच त्रास. प्रत्यक्षात या संसर्गाचे कारण बहुतेक वेळा अस्वच्छता नसतेच. उलट स्वच्छतेच्या नावाखाली केलेले काही उपाय त्रास वाढवतात.

हा संसर्ग नेमका कशामुळे होतो?

कॅन्डिडा नावाची बुरशी (यीस्ट) अनेक निरोगी महिलांच्या योनीमार्गात थोड्या प्रमाणात असतेच. तिची वाढ आटोक्याबाहेर गेली की खाज, जळजळ, लघवी करताना चुरचुर, लालसरपणा आणि फुटलेल्या दुधासारखा किंवा दह्यासारखा घट्ट पांढरा स्राव अशी लक्षणे दिसतात. सुमारे ७५ टक्के महिलांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो, असे मानले जाते. वर्षभरात तीन किंवा अधिक वेळा झाला तर त्याला ‘वारंवार होणारा संसर्ग’ म्हणतात. तो लैंगिक आजारांमध्ये मोडत नाही. त्यामुळे जोडीदाराला लक्षणे नसतील तर सहसा त्याला उपचारांची गरज नसते.

अंगावरून पांढरे जाणे म्हणजे संसर्गच का?

नाही. पातळ, पारदर्शक किंवा दुधाळ, वास नसलेला स्राव नैसर्गिक असतो. पाळीच्या चक्राप्रमाणे तो कमीजास्त होतो. राखाडी, पातळ आणि माशासारखा वास येणारा स्राव असेल तर ‘बॅक्टेरियल व्हजायनोसिस’ या वेगळ्याच त्रासाची शक्यता असते. हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या ट्रायकोमोनास संसर्गातही दिसतो. बुरशीच्या संसर्गाची औषधे या दोन्ही त्रासांच्या औषधांपेक्षा वेगळी आहेत. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बुरशीचा संसर्ग आहे असे स्वतःच ठरवून दुकानातून औषध घेणाऱ्या ९५ महिलांची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी जेमतेम एक-तृतीयांश महिलांनाच हा संसर्ग होता.

इंटिमेट वॉश, तुरटी, अँटिसेप्टिक यांचा उपयोग होतो का?

योनीमार्ग आतून धुण्याची गरज नसते. तिथले लॅक्टोबॅसिलस जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि आम्लता साधारण ३.८ ते ४.५ पीएच इतकी राखतात. ‘पीएच संतुलन’ हा इंटिमेट वॉशच्या जाहिरातींतला आवडता शब्द आहे. पण बुरशीचा संसर्ग झालेला असतानाही पीएच बहुतेक वेळा सामान्यच असतो. त्यामुळे पीएच सांभाळणारी बाटली हा या संसर्गावरचा उपाय ठरत नाही.

पाण्याचा फवारा, तुरटीचे पाणी, अँटिसेप्टिक किंवा दही आत वापरल्याने उपयुक्त जिवाणूंचा तोल बिघडू शकतो. सुगंधी साबण, वाइप्स आणि सुगंधी पॅडमुळे नाजूक त्वचेची आग होते. हा त्रासही हुबेहूब संसर्गासारखाच वाटतो. मग आणखी धुतले जाते आणि आग आणखी वाढते. बाहेरचा भाग दिवसातून एकदा साध्या पाण्याने धुणे पुरेसे आहे.

मग तो वारंवार होण्यामागे काय असते?

अँटिबायोटिकचा कोर्स हे नेहमीचे कारण आहे. औषधाने आजाराच्या जिवाणूंसोबत लॅक्टोबॅसिलसही कमी होतात आणि बुरशीला मोकळे रान मिळते. दुसरे मोठे कारण म्हणजे नियंत्रणात नसलेला मधुमेह. काही महिलांचा मधुमेह या तक्रारीच्या तपासणीतूनच पहिल्यांदा लक्षात येतो. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधे लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्यामुळेही हा धोका वाढतो. मात्र ही औषधे परस्पर बंद करू नयेत, डॉक्टरांशी बोलावे. गर्भधारणा, स्टेरॉइड औषधे आणि कमी झालेली प्रतिकारशक्ती हीदेखील कारणे आहेत. अनेकींमध्ये मात्र ठोस कारण सापडत नाही.

मेडिकलमधून आणलेले मलम का नको?

खाजेसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या अनेक मलमांत बुरशीनाशकासोबत तीव्र स्टेरॉइडही असते. स्टेरॉइडमुळे खाज पटकन थांबते, पण संसर्ग दबून राहतो आणि सतत वापरल्यास त्वचा पातळ होते. फ्लुकोनॅझोलची एखादी गोळी अधूनमधून घेत राहणे हाही उपाय नव्हे. निदान चुकले असेल तर मूळ आजार तसाच राहतो. शिवाय कॅन्डिडाच्या काही प्रजाती या गोळीला दाद देत नाहीत.

योग्य उपचार कोणते?

साध्या संसर्गात क्लोट्रिमॅझोलसारखे मलम किंवा योनीमार्गात ठेवायची गोळी अथवा फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमची एक गोळी दिली जाते. वारंवार होणाऱ्या संसर्गात आधी स्रावाची तपासणी, गरजेनुसार कल्चर आणि रक्तातील साखरेची चाचणी केली जाते. त्यानंतर सुरुवातीचे काही डोस आणि पुढे आठवड्याला एक गोळी असा सहा महिन्यांचा कोर्स डॉक्टर देऊ शकतात. बरे वाटले म्हणून तो मध्येच सोडू नये. गर्भवतींना तोंडाने घ्यायच्या गोळीऐवजी योनीमार्गात वापरायचे औषध दिले जाते.

रोजच्या कोणत्या सवयी उपयोगी?

- सुती, फार घट्ट नसलेली अंतर्वस्त्रे वापरा. घामाने किंवा पावसाने ओले झालेले कपडे लगेच बदला.
- अंतर्वस्त्रे लाजेपोटी साडी-टॉवेलखाली लपवून वाळत घालू नका. ऊन, किमान वारा लागू द्या. पावसाळ्यात दमट कपडे तसेच घालू नका.
- पॅड साधारण चार ते सहा तासांनी बदला. कापड वापरत असाल तर ते साबणाने धुऊन उन्हात पूर्ण वाळवा.
- मेन्स्ट्रुअल कप पाळी संपल्यावर उकळत्या पाण्यात निर्जंतुक करा.
- शौचानंतर पुढून मागे अशा दिशेने स्वच्छता करा.

या सवयींनी ओलावा आणि त्वचेची आग कमी होते. पण मधुमेह किंवा चुकलेले निदान यावर त्या उतारा नाहीत.

डॉक्टरांकडे कधी जावे आणि काय सांगावे?

त्रास पहिल्यांदाच होत असेल, वर्षात तिसऱ्यांदा झाला असेल, तुम्ही गर्भवती असाल किंवा मधुमेह असेल तर थेट डॉक्टरांकडे जा. ओटीपोटात दुखणे, ताप, रक्तस्राव किंवा फोड असल्यास थांबू नका. पाळी गेल्यानंतर नव्याने स्राव सुरू झाला तरी तपासणी हवीच. जाण्याआधी आतून धुऊ नका आणि मलम लावू नका, नाहीतर तपासणीत काही सापडणार नाही. बोलायला संकोच वाटत असेल तर चार गोष्टी मोबाइलमध्ये लिहून न्या: त्रास कधीपासून आहे, वर्षात कितव्यांदा झाला, स्रावाचा रंग व वास कसा आहे आणि अलीकडे कोणती औषधे घेतली. डॉक्टरांना त्यातून नेमकी दिशा मिळते.