परीक्षेतील कॉपी आणि प्रमाणपत्राचे मोल

मराठीत 'कॉपी' हा शब्द परीक्षेच्या संदर्भात एका विशिष्ट अर्थाने रूढ झाला आहे. नक्कल करण्याची कृती म्हणजे कॉपी, आणि जिच्यावरून नक्कल करावयाची ती चिठ्ठीही कॉपीच. ती खिशात लपते, सापडते, जप्त होते. आणि मुख्य म्हणजे ती 'पुरविली' जाते. हे शेवटचे क्रियापद लक्षात घेण्याजोगे आहे. पुरविणारा आला की परीक्षार्थी एकटा उरत नाही. खिडकीखाली उभा असलेला भाऊ, पाठ फिरविणारा पर्यवेक्षक, आणि या दोघांकडेही काणाडोळा करणारी शाळा ही सारी मंडळी त्या एका क्रियापदात सामावतात. शालेय परीक्षांतील कॉपीचे स्वरूप बहुतांशी असे सामुदायिक आहे. त्यामुळे तिची कारणे केवळ परीक्षार्थ्याच्या मनात शोधून भागत नाही.

तथापि सर्वसाधारण चर्चेत नीतिमत्तेच्या ऱ्हासाकडेच बोट दाखविले जाते. या उपपत्तीची कसोटी फार पूर्वीच लागलेली आहे. हार्टशॉर्न आणि मे या अमेरिकी संशोधकांनी हजारो शाळकरी मुलांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. एका प्रसंगी फसवणूक करणारे मूल दुसऱ्या प्रसंगी प्रामाणिकपणे वागते, असे त्यांना आढळले. प्रामाणिकपणा हा मुलाच्या अंगी सर्वत्र सारखाच वसणारा गुण नसून तो प्रसंगावर आणि वर्गातील वातावरणावर फार अवलंबून असतो, असे त्यांचे मत झाले. या अभ्यासावर पुढे आक्षेप घेतले गेले. पण प्रसंगाचे महत्त्व मात्र कोणी नाकारले नाही. तेव्हा दहावीच्या परीक्षेचा प्रसंग कसा घडतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

त्याची सुरुवात परीक्षेच्या कितीतरी वर्षे आधी होते. ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो, असे 'असर' पाहणीत २०१८ साली दिसून आले. २०२२ मध्ये, महासाथीतील शाळाबंदीनंतर, हे प्रमाण आणखी खाली गेले. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तेव्हा आठवीपर्यंत कोणालाही अनुत्तीर्ण करू नये अशी त्यात तरतूद होती. तिच्या जोडीला सातत्यपूर्ण मूल्यमापन व्हावयाचे होते. ते पुष्कळ ठिकाणी नोंदवहीतच राहिले. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या परीक्षांची वाट राज्यांना मोकळी करून दिली. कायद्याला दोष देणे सोपे आहे. वस्तुतः मूल मागे पडत आहे हे वर्गशिक्षकाला दिसत असूनही ते सांगण्याची, आणि सांगून त्यावर उपाय करण्याची, सोय शाळेत नसते. परिणामी गणितात आणि इंग्रजीत पाच-सहा वर्षे मागे पडलेला विद्यार्थी थेट राज्य मंडळाच्या प्रश्नपत्रिकेसमोर बसतो. आपण मागे आहोत हे त्याला अधिकृतपणे प्रथम तेथेच कळावयाचे असते. कॉपी ही त्या क्षणी सर्वांनाच सोयीची होते: विद्यार्थ्याला कळत नाही, पालकांना कळत नाही आणि शाळेलाही ते मान्य करावे लागत नाही.

शाळेचा हितसंबंध याहून ठोस आहे. महाराष्ट्रातील अनुदानित शाळेत शिक्षकांची पदे पटसंख्येवर ठरतात. पट घटला की शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि त्याला समायोजनाच्या यादीत जावे लागते. पट टिकतो तो बऱ्याच अंशी दहावीच्या निकालावर. शेजारच्या गावची शाळा शंभर टक्के निकालाचा फलक लावीत असेल, तर साठ टक्क्यांचा प्रामाणिक निकाल देणारी शाळा आपल्याच शिक्षकांच्या नोकरीवर घाला घालते. पर्यवेक्षकाची स्थितीही विचित्र असते. परीक्षा तीन आठवड्यांत संपते, त्याला मात्र त्याच गावात वर्षानुवर्षे राहावयाचे असते. भरारी पथकाची मोटार आली तशी जाते.

प्रश्नपत्रिकेचा वाटाही लहान नाही. बेंजामिन ब्लूम १९५७-५८ मध्ये भारतात येऊन गेल्यानंतर परीक्षासुधारणेचे काम येथे पद्धतशीरपणे सुरू झाले. पाठांतराऐवजी आकलन व उपयोजन तपासावे, हा त्याचा गाभा होता. तरीही 'अपेक्षित' प्रश्नसंचांचा बाजार तेजीत राहिला. ज्या प्रश्नाचे उत्तर आधी छापून ठेवता येते त्याचेच उत्तर चिठ्ठीवर मावते.

बंदोबस्ताने काय साधते याचे सर्वांत बोलके उदाहरण उत्तर प्रदेशाचे आहे. कल्याण सिंह मुख्यमंत्री आणि राजनाथ सिंह शिक्षणमंत्री असताना १९९२ मध्ये तेथे नकलविरोधी अध्यादेश निघाला. परीक्षेत नक्कल करणे हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा ठरला. शाळकरी मुले तुरुंगात गेली. आदल्या वर्षी निम्म्याहून अधिक लागलेला हायस्कूल परीक्षेचा निकाल त्या वर्षी १४.७० टक्क्यांवर आला. या आकड्याचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. कायदा परिणामकारक ठरला, हा एक. दुसरा अधिक अस्वस्थ करणारा आहे: एका वर्षात मुले अडाणी होत नसतात, म्हणजे आधीच्या वर्षांतील उत्तीर्णांपैकी फार मोठ्या वर्गाला शाळेने काही शिकविलेच नव्हते. (दहशतीने गोंधळून नापास झालेलेही काही असणार, त्यांची संख्या ठरविण्याचा मार्ग नाही.) सार्वजनिक वादात मात्र पहिल्याच अर्थाची चर्चा झाली. अध्यादेश रद्द करण्याचे आश्वासन मुलायम सिंह यादव यांनी १९९३ च्या निवडणुकीत दिले आणि सत्तेवर आल्यावर ते पाळले. मतदार पालकांनी कॉपीचा पुरस्कार केला, असे याचे वर्णन करणे अन्यायाचे होईल. राज्याने शिकविण्याची जबाबदारी न घेता केवळ शिक्षेची घेतली, हे त्यांना उमगले होते. १९९८ मध्ये तेथे पुन्हा कायदा झाला. आणि तरीही २०१८ मध्ये सीसीटीव्हीच्या देखरेखीखाली परीक्षा होताच सहासष्ट लाखांहून अधिक नोंदणी झालेल्यांपैकी दहा लाखांहून अधिक परीक्षार्थी फिरकलेच नाहीत. बिहारात वैशाली जिल्ह्यातील शाळेच्या भिंतीवर चढलेल्या नातलगांचे छायाचित्र २०१५ मध्ये जगभर गेले. पुढील वर्षी बंदोबस्त कडक होताच दहावीचा निकाल सुमारे ७५ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांच्या आत आला.

महाराष्ट्रात विद्यापीठ व मंडळांच्या परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्धचा कायदा १९८२ पासून आहे. २०१० मध्ये नांदेड जिल्हा प्रशासनाने कॉपीमुक्तीची मोहीम हाती घेतली आणि तिचे अनुकरण पुढे इतरत्र झाले. अशा मोहिमा आवश्यक आहेत. त्या निदान रोगाचे माप देतात.

परिणामांचा विचार करताना पकडलेल्या विद्यार्थ्याचे नुकसान प्रथम डोळ्यांपुढे येते. पण न पकडलेल्यांमुळे होणारे नुकसान त्याहून व्यापक आहे. प्रमाणपत्रावरचा विश्वास उडाला की ते पाहणारा दुसरी चाचणी मागतो. वैद्यकीय प्रवेशासाठी 'नीट', केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून 'सीयूईटी', अशा चाचण्यांची रांग लागण्यामागे मंडळांच्या गुणांतील विषमता हे एक कारण आहेच. या चाचण्यांची तयारी शाळेत होत नाही, शिकवणीवर्गात होते, आणि तेथे शुल्क लागते. नक्कल न करता पंचेचाळीस टक्के मिळविणाऱ्या शेतमजुराच्या मुलीला पूर्वी ते प्रमाणपत्र काही दार उघडून देई. आता चिठ्ठीवरून साठ टक्के मिळविणाऱ्याच्या मागे ती उभी राहते, आणि पुढच्या चाचणीचे शुल्क दोघांपैकी बहुधा त्यालाच परवडते. गैरप्रकारही मागोमाग वर सरकतात. २०२४ मध्ये 'नीट'ची प्रश्नपत्रिका हजारीबाग व पाटणा येथे फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. मात्र सबंध परीक्षाच दूषित झाली असे न आढळल्याने ती रद्द केली नाही. त्याच वर्षी अमलात आलेला केंद्रीय कायदा अशा भरती व प्रवेश परीक्षांपुरता आहे. शालेय मंडळांच्या परीक्षा त्याच्या कक्षेबाहेर आहेत.

आणखी एका हानीची दखल क्वचितच घेतली जाते. मंडळाचा निकाल म्हणजे कोणत्या तालुक्यात, कोणत्या विषयात अध्यापन ढासळले आहे याची खबर देणारे राज्याचे सर्वांत मोठे साधन होय. कॉपीने ते साधन मुके होते. जेथे गणिताचा शिक्षकच नाही त्या शाळेचा गणिताचा निकाल नव्वद टक्के लागला, तर तेथे शिक्षक पाठविण्याचे कारणच कागदावर उरत नाही. कॉपीहून अगदी वेगळ्या, पूर्णतः नियमानुसार घडलेल्या एका प्रकरणातही हीच वृत्ती दिसते. २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या दहावीच्या परीक्षेत भाषादी विषयांचे शाळेने द्यावयाचे अंतर्गत गुण वगळण्यात आले; अभ्यासक्रमही नवा होता. निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. घसरण कोणत्या विषयांत आणि कोणत्या भागांत झाली, याची चिकित्सा करण्यास ही संधी चांगली होती. चर्चा झाली ती अकरावीच्या प्रवेशात अन्य मंडळांचे विद्यार्थी पुढे जातील याची. आणि पुढच्याच वर्षापासून अंतर्गत गुण पूर्ववत सुरू झाले.